राग नसलेला अर्ज

तो अर्ज माझ्या टेबलावर आला ती सकाळ अजून डोक्यातून गेलेली नाही. नोकरीतली शेकडो प्रकरणं निवृत्तीनंतर आपोआप गळून पडली. हे एक राहिलं, आणि माझ्या कर्तबगारीमुळे राहिलं असं मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. या लेखात कुणाचं नाव येणार नाही. तांड्याचंही नाही.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष शाखेत पोलीस निरीक्षक होतो. चोरी-दरोड्याशी या शाखेचा फारसा संबंध नसतो. मोर्चे, पुढाऱ्यांचे दौरे, पासपोर्टची पडताळणी, निनावी अर्ज आणि परदेशी नागरिकांची नोंद, हे आमचं काम. त्यातलं परदेशी नागरिकांचं रजिस्टर कायम कोरडं. आमच्या जिल्ह्यात परदेशातून कोण कशाला येईल?

निनावी अर्ज आला की मी आधी पाकीट बघायचो, मग अर्ज. या पाकिटावर महागावचा शिक्का होता. आत संगणकावर टाईप केलेलं एकच पान. तालुक्यातल्या एका तांड्यात परदेशी बाई राहते. ती स्वतःला मणिपूरची म्हणवते, पण आहे म्यानमारची. तिच्याकडे पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. डाव्या मांडीवर गोळीची खूण आहे, त्यावरून ती तिकडच्या सशस्त्र टोळीत असावी. तिला तत्काळ तिच्या देशात परत पाठवावे. आणि शेवटची ओळ अशी : 'सदर महिलेची मुलगी लहान असून तिला वडिलांकडेच ठेवण्यात यावे.'

नोकरीत मी पोतंभर निनावी अर्ज वाचले. त्यांत राग असतो, शिव्या असतात, शुद्धलेखन नसतं. या अर्जात शुद्धलेखन होतं आणि राग नव्हता. हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण 'गोळीची खूण' हे शब्द एवढे मोठे होते की खटकलेलं मागे पडलं. आवक क्रमांक टाकला, वरिष्ठांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी एक हवालदार आणि एक महिला शिपाई घेऊन तांड्यावर गेलो.

सोयाबीन निघालं होतं, कापसाची पहिली वेचणी सुरू होती. तांड्यात म्हातारी माणसं आणि कोंबड्या सोडल्या तर कुणी नव्हतं. जीप बघून तांड्याचा नायक आला. "मणिपूरची सून कुठे आहे?" म्हटल्यावर त्यानं आधी माझ्या गणवेशाकडे पाहिलं आणि मग वावराकडे बोट केलं.

ती कापूस वेचत होती. कमरेला ओटी बांधलेली, डोक्यावर पदर. शेजारच्या ओळीत तिची सासू. बांधावर चार वर्षांची मुलगी बसलेली. सासू-सुना आपसात गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत होत्या, आणि चेहरा पाहिला नसता तर ही बाई बाहेरची आहे असं मला वाटलंच नसतं. आम्ही दिसताच सुनेनं ओटीतला कापूस खाली ओतला. जणू तिला या दिवसाची माहिती होती. मी मनात नोंद केली : घाबरली नाही. संशयास्पद.

तालुक्याच्या ठाण्यात तिचा जबाब घेतला. सासू बाहेरच्या बाकावर नातीला घेऊन बसली.

"कुठली तू?"

"म्यानमारची."

माझ्या हवालदारानं पेन थांबवलं. इतक्या लवकर उत्तर मिळेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

"मग लोकांना मणिपूर का सांगितलं?"

"म्यानमार म्हटलं का लोक इचारतात, ते कुठं हाय. मणिपूर टीव्हीवर येते."

"पासपोर्ट?"

"नाई. पळून येते त्याच्याजवळ पासपोर्ट कुठून राहीन, साहेब?"

तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. डोंगरातलं गाव. लष्कराचे लोक ओझी वाहायला माणसं धरून न्यायचे. तिच्या भावाला नेलं, तो परतला नाही. पुढच्या वेळी तिला न्यायला आले तेव्हा ती पळाली आणि पळताना गोळी लागली. मिझोराममार्गे दिल्लीला आली. दिल्लीत निर्वासितांची नोंद घेणारं एक आंतरराष्ट्रीय कार्यालय आहे, तिथे नोंद केली. एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करताना तिथल्याच गोदामात काम करणारा हा तांड्यावरचा तरुण भेटला. लग्न झालं, मुलगी झाली. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद पडला तेव्हा नवरा तिला आणि तान्ह्या मुलीला घेऊन गावी आला. तेव्हापासून तीन वर्षं ती इथेच. नवरा आता नागपूरला एका गोदामात सुपरवायझर होता, पंधरा-वीस दिवसांनी घरी येई.

तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून एक कार्ड काढलं. दिल्लीच्या कार्यालयाचं, तिच्या फोटोचं. मुदत संपलेली.

"नवीन का केलं नाही?"

"दिल्लीले जावं लागते. हे म्हणतात, पुढच्या महिन्यात जाऊ. दर वेळी पुढच्या महिन्यात."

महिला शिपायानं तिला आतल्या खोलीत नेऊन खूण पाहिली. बाहेर येऊन म्हणाली, "हाय साहेब. डावी मांडी. मागच्या बाजूनं."

आता माझी चूक सांगतो. इतकं सरळ खरं बोलणारं माणूस पोलिसाला आवडत नाही. खोटं बोलणाऱ्याचं कसं करायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं. ही बाई पढवून पाठवलेली आहे, असं मी धरून चाललो. अहवालात मी लिहिलं : 'परदेशी नागरिक असल्याचं कबूल. वैध कागदपत्र नाही. शरीरावर गोळीची जुनी खूण. वर्तन संशयास्पद. पुढील कार्यवाहीस पात्र.' 'मागच्या बाजूनं' हे दोन शब्द मी लिहिले नाहीत. लढणाऱ्याला गोळी पुढून लागते आणि पळणाऱ्याला मागून, हे कळायला पोलीस असावं लागत नाही. मला कळलं नव्हतं असंही नाही. मला ते शब्द अडचणीचे वाटले.

त्या अहवालावरून देश सोडण्याची नोटीस निघाली. तोवर तिनं रोज सकाळी अकराला तालुक्याच्या ठाण्यात हजेरी द्यायची, आणि ठरल्या तारखेला तिला मुंबईला पाठवायचं. तिथून पुढे परत. त्या वेळी तिच्या देशात लष्करानं सगळी सत्ता हातात घेतलेली होती. परत म्हणजे कुणाच्या हातात, हे सगळ्यांना माहीत होतं. नोटिशीत फक्त आईचं नाव होतं. मुलीबद्दल काही नव्हतं.

नोटीस मीच बजावली. सुनेनं सही केली. सासूनं विचारलं, "आन पोरगी?"

"मुलगी इथेच राहील. वडील आहेत ना तिचे."

 म्हातारीनं नातीला उचललं आणि सरळ निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचा बाजार होता. तहसील कार्यालयाच्या फाटकासमोर म्हातारी नातीला मांडीवर घेऊन बसली. फलक नाही, घोषणा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं की सांगायची, "माही सून सरकार घिऊन जाऊन राह्यलं. पोरगी माह्या मांडीवर ठिवून राह्यलं." बाजाराला आलेल्या तांड्यातल्या बाया तिच्याभोवती बसल्या. संध्याकाळपर्यंत चाळीस झाल्या. त्या आठवड्यात शेजारच्या गावच्या बौद्ध वस्तीतल्या बायाही आल्या. ग्रामसभेचा ठराव झाला. सह्यांची मोहीम सुरू झाली, सह्या कमी आणि अंगठे जास्त. यवतमाळच्या एका वकीलबाईंनी वकीलपत्र घेतलं आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका टाकली. पंधरवड्यात धरणं जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आलं.

त्या आंदोलनाचा अहवाल देणं हेही माझंच काम. आणि माझा संशय आता सुनेवरून मोहिमेवर गेला. पावती फाडून घेण्यासाठी ज्या बाया तहसीलची पायरी चढायला लाजतात, त्या एका परक्या बाईसाठी जिल्ह्याच्या गावाला येऊन बसतात? निवेदनाची भाषाही फार चांगली होती. 'आई व मूल यांची ताटातूट करू नये, तिचा आश्रयाचा दावा तपासल्याशिवाय तिला बाहेर काढू नये.' हे कोण लिहून देतंय? मागे कुठली संघटना आहे? मी साध्या वेशात हवालदाराला मंडपात बसवलं.

तो तीन दिवसांनी आला. "साहेब, बाहेरचं कोनी नाई. निवेदन त्या बौद्ध वस्तीतल्या अंगणवाडीबाईनं लिवलं. बाया सकाळी भाकरी बांधून आणतात, बसतात, सांजच्याले वापस जातात."

"आणि नवरा?"

"तो माइकवर राह्यते. लय चांगला बोलते. रडते बी."

मी स्वतः जाऊन ऐकलं. पोरगा खरंच चांगला बोलत होता. पदवीधर, भाषा शुद्ध. "माझ्या लेकराचं काय? माझ्या लेकराला कुणी हात लावायचा नाही," असं म्हणत होता. बाया डोळे पुसत होत्या. मी अर्धा तास ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं की तो मुलीबद्दलच बोलतोय. बायकोबद्दल एक वाक्यही आलं नाही.

घरच्या माणसाला अटक झाली की नातेवाईक काय विचारतात, हे प्रत्येक ठाणे अंमलदाराला पाठ असतं. कुठे ठेवणार? भेटायला कधी येऊ? जेवण देता ना? सासू हे रोज विचारायची. रोज सकाळी हजेरीला सुनेबरोबर तीच यायची आणि सून सही करून बाहेर येईपर्यंत दारात उभी राहायची. नवऱ्यानं एकदाही विचारलं नव्हतं. तो हजेरीला एकदाही आला नव्हता. नोटिशीची नक्कलसुद्धा त्यानं मागितली नव्हती.

तरी माझा पहिला विचार वेगळाच होता. मला वाटलं, म्हातारीला कुणीतरी पढवतंय. म्हणून मी तिला माझ्या कार्यालयात बोलावलं. चहा मागवला. तिनं घेतला नाही.

"मावशी, खरं सांगा. हे सगळं करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले लागते?"

"तीन वर्षांची ओळख. जात वेगळी, देश वेगळा. एवढं कशासाठी?"

तिनं चहाचा कप बाजूला सरकवला. "माहा मालक गेला तवा पोरगा नागपूरले होता. फोन केला, तर तिसऱ्या दिवशी आला. मढ्याजवळ रातभर कोन बसलं? हेच बसली. माह्या तोंडात पाणी हिनंच घातलं. मले याडी म्हणते ते, म्हंजे माय. तुमी म्हणता देश येगळा. माहा पोरगा तं याच देशातला होता नं, साहेब?"

 मग तिनंच विचारलं, "एक सांगसान? तुमी पहिल्या दिवशी आले तवा त्या पोलीसबाईनं तिची मांडीच काहून पाह्यली? हात नाई पाह्यला, पाठ नाई पाह्यली. सूनबाईनं मले मंग सांगतलं का तिथं गोळीची खून हाय. मले तीन वर्सं माहीत नोतं. मी घरात राह्यतो तिच्यासंग, मले माहीत नोतं. बायतपन दिल्लीले झालं, इथल्या दाईनं बी तिले पाह्यलं नाई. मंग तुमाले कोनं सांगतलं?"

प्रश्न विचारता विचारता तिचा आवाज खाली गेला. उत्तर मी द्यायच्या आधी तिला मिळालं होतं. मलाही त्याच क्षणी मिळालं. माझ्याच कपाटातल्या अर्जाची शेवटची ओळ मला आठवली. ज्याला एखाद्या बाईला देशाबाहेर घालवायचंय, त्याला तिची मुलगी कुणाकडे राहील याची काळजी कशाला? ती काळजी एकाच माणसाला असू शकते.

म्हातारीनं टेबलावरचा थंड झालेला चहा उचलला, पिऊन टाकला आणि उठली. दारात जाऊन म्हणाली, "त्याले बलवा. पन मारू नोका."

मी त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं. दार उघडं ठेवलं, हवालदाराला बाजूला बसवलं. आवाज चढवायची गरज नव्हती.

"तुमच्या घराविरुद्ध अर्ज कोणी टाकला असेल? कुणावर संशय?"

त्यानं पटापट तीन नावं सांगितली. बांधाच्या भांडणातली दोन आणि नायकाच्या घरातलं एक. मी तिन्ही लिहून घेतली.

"अर्जात खुणेचा उल्लेख आहे. यांना ती कशी माहीत?"

"दाईनं सांगितलं असेल."

"मुलगी दिल्लीला झाली."

 मी गप्प बसलो. चौकशीत पोलिसानं बोलू नये अशा जागा असतात, ही त्यांतली एक. बाहेर संगणकावर कुणीतरी टाईप करत होतं तेवढाच आवाज. पाच मिनिटांनी त्यानं पाणी मागितलं. पाणी प्याला आणि शुद्ध भाषा सोडून घरच्या बोलीत आला.

"नागपूरले एक हाय, साहेब. आपल्याच समाजातली. तिच्या घरचे म्हणतात, पहिली काढून टाक. हिले सोडतो म्हटलं असतं तर पंचाईत बसली असती. याडीनं मले उभं केलं नसतं. पोरगी हिच्याकडंच ठिवली असती. मले वाटलं, सरकारच घिऊन जाईन. मंग कोनी मले वाईट म्हणनार नाई."

"आणि मोहिमेत का उतरलास?"

"नसतो उतरलो तर लोकायनं इचारलं असतं नं, हा काहून नाई आला."

नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. या पोराइतका साधा चेहरा त्यांतल्या कुणाचाच नव्हता.

मी वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बरोबर प्रश्न विचारला. "अर्ज कुणीही टाकला असो. ती परदेशी आहे, कागद नाही, हे खरं आहे की नाही?"

"खरं आहे, सर."

"मग?"

 चोर कोण हे कळून चोरी थांबत नाही, अशी ही परिस्थिती. मुंबईला न्यायची तारीख सहा दिवसांवर होती. मी म्हणालो, "सर, माझा पहिला अहवाल अपुरा आहे. पूरक अहवाल देण्याची परवानगी द्या."  स्वतःच्याच अहवालाविरुद्ध लिहिणारा अधिकारी खात्याला फारसा आवडत नाही, आणि माझ्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. शेवटी ते म्हणाले, "लिहा. पण जेवढं सिद्ध होईल तेवढंच."

ग्रामीण रुग्णालयात तिची रीतसर तपासणी करून घेतली. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहून दिलं : गोळी मागून शिरलेली, जखम जुनी. दिल्लीच्या कार्यालयाकडून तिच्या नोंदीची खात्री मागवली. कार्ड अस्सल होतं, दावा रद्द झालेला नव्हता, फक्त नूतनीकरण राहिलं होतं. हे सगळं मी पूरक अहवालात लिहिलं, आणि पहिल्या वेळी ऐकूनही जे लिहिलं नव्हतं तेही लिहिलं.

पण न्यायालयात खरं वजन पडलं ते दुसऱ्याच कागदाचं. त्याच्या चौकशीनंतर म्हातारी मंडपात गेली, मुलाच्या हातातला माइक घेतला आणि बाजूला ठेवला. लोकांसमोर एक शब्द बोलली नाही. त्याचं मनगट धरून त्याला वकीलबाईंच्या कार्यालयात चालवत नेलं. तिथे त्याचं प्रतिज्ञापत्र झालं : अर्ज मी टाकला, बायकोला घालवून मुलगी ठेवून घ्यायची म्हणून टाकला, सशस्त्र टोळीची गोष्ट माझ्या मनाची आहे. तो सही करेपर्यंत आई खुर्चीमागे उभी होती, असं वकीलबाईंनी मला सांगितलं.

खंडपीठाची स्थगिती मुंबईला न्यायच्या आदल्या दिवशी दुपारी आली. गाडीची आणि महिला शिपायांची व्यवस्था झालेली होती, ती मी रद्द केली. तिचा आश्रयाचा दावा तपासला जाईपर्यंत तिला बाहेर काढू नये, आणि मायलेकींना वेगळं करू नये, असा आदेश होता. मंडपात बातमी गेली तेव्हा बाया ओरडल्या नाहीत की नाचल्या नाहीत. त्यांनी सतरंज्या झटकल्या, घड्या घातल्या आणि बस चुकू नये म्हणून लगबगीनं निघाल्या.

सासू माझ्याकडे आली. तिला एकच विचारायचं होतं. "माह्या पोराले आत टाकसान?"

"कशाखाली टाकू, मावशी? टोळीचं सोडलं तर त्यानं लिहिलेलं सगळं खरं होतं."

"हो," ती म्हणाली. "तेच तं."

पोरगा नंतर तांड्यावर राहिला नाही. सून राहिली. दिल्लीचं कार्ड नवीन झालं, त्यासाठी सासू आयुष्यात पहिल्यांदा दिल्लीला गेली. प्रकरण अजून पूर्ण संपलेलं नाही. ती महिन्यातून एकदा ठाण्यात सही करते आणि तारखांना नागपूरला जाते.

मला या प्रकरणानं काय शिकवलं, असं लोक विचारतात. माहिती खोटी आहे का, हे आम्ही तपासतो. ती खरी असली की तपास संपला असं समजतो. खरी माहितीसुद्धा वाईट हेतूनं दिली जाते, आणि मग तिच्या मागे चालणारा पोलीस दुसऱ्याच कुणाचं तरी काम करत असतो. मी ते केलं. संशय घेणं हा माझा पेशा होता, त्याची मला लाज नाही. पण तो मी सगळ्यांवर सारखा घेतला नाही. अनोळखी चेहऱ्यावर आधी घेतला, ओळखीच्या भाषेवर सगळ्यात शेवटी.

गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्तानं मी महागावला गेलो होतो. बाजारात ती दिसली. मुलगी शाळेच्या गणवेशात होती, चांगली उंच झाली होती. मी साध्या कपड्यांत होतो तरी तिनं मला लांबूनच ओळखलं. मी जवळ गेलो तसा तिनं मुलीला हातानं मागे घेतलं.

"काई चौकशी हाय का, साहेब?"

"नाही. मी रिटायर झालो. सहज दिसलात म्हणून थांबलो."

"बरं."

 सासूबाई बऱ्या आहेत का, एवढं मी विचारलं. तिनं मान हलवली. मी वळलो आणि गाडीकडे चालू लागलो. गाडीत बसेपर्यंत तिनं माझ्यावरची नजर काढली नाही. तिच्या जागी मी असतो, तर मीही काढली नसती.